काडेपेट्या विकणाऱ्या आदमजींनी माथेरानला ट्रेन नेली, आणि पर्यटन नेमकं कशाने वाढतं ते दाखवून दिलं

पावसाळ्यात पनवेलहून नेरेच्या रस्त्याला लागलात की समोर एक लांबच लांब डोंगर दिसतो. माथा सपाट, कडे सरळ तुटलेले आणि त्यावरून खाली येणाऱ्या पांढऱ्या धारा. हाच माथेरानचा डोंगर. त्याच्या पायथ्याचं धोदाणी गाव पनवेल तालुक्यात येतं. तिथून पायवाटेने चढलात की थेट सनसेट पॉइंटला निघता.

पण पनवेलमध्ये कुणालाही विचारा, माथेरानला कसं जायचं? उत्तर एकच येतं, नेरळला जा.

डोंगर डोळ्यांसमोर आहे, तरी त्याचं दार पलीकडच्या बाजूला आहे. हे असं का झालं, याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. एक गोष्ट एका रेल्वेमार्गाची आणि दुसरी एका माणसाची. त्या माणसाने लहानपणी मुंबईच्या रस्त्यांवर काडेपेट्या विकल्या होत्या आणि साठीच्या उंबरठ्यावर डोंगरावर आगगाडी चढवली. त्यांचं नाव सर आदमजी पीरभॉय.

धोराजीचा पोरगा मुंबईत येतो

आदमजींचा जन्म १८४६ चा. गाव काठियावाडातलं, म्हणजे आजच्या गुजरातमधलं धोराजी. घर दाऊदी बोहरा समाजातलं आणि परिस्थिती गरिबीची. त्या काळात काठियावाड, कच्छमधून शेकडो तरुण पोटापाण्यासाठी मुंबई गाठत होते. आदमजीही लहान वयातच मुंबईत आले.

भांडवल नव्हतं, ओळख नव्हती. मग सुरुवात झाली रस्त्यावर काडेपेट्या विकण्यापासून. तिथून छोटा-मोठा व्यापार आणि व्यापारातून लष्कराला माल पुरवण्याची कंत्राटं. मोठ्या फौजेला रोज लागतं काय? तंबू, कॅनव्हास, कपडे, बूट. आदमजींनी नेमकं हेच हेरलं आणि ब्रिटिश लष्कराला लागणारा हा माल पुरवायला सुरुवात केली. धंदा वाढत गेला. धारावीत त्यांनी लष्करासाठी बूट आणि चामड्याचं सामान तयार करणारा मोठा कारखाना उभा केला. आज धारावी म्हटलं की लेदरचं मार्केट आठवतं. त्या चामड्याच्या धंद्याच्या जुन्या इतिहासात आदमजींचं नाव ठळक आहे.

पैसा आला तशी प्रतिष्ठाही आली. ते मुंबईचे शेरीफ झाले, पुढे इंग्रज सरकारने त्यांना सर हा किताब दिला. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. दानधर्मासाठीही त्यांचं नाव घेतलं जायचं. अलीगढच्या कॉलेजला त्यांनी देणगी दिली होती आणि मुंबईत चर्नी रोडला त्यांच्या नावाचं सॅनिटोरियम होतं.

हा सॅनिटोरियम शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

तेव्हा पर्यटन नव्हतं, हवापालट होती

आज सुट्टी लागली की फिरायला जायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत लोक घराबाहेर पडायचे ते मुख्यतः दोन कारणांनी, एक तीर्थयात्रा आणि दुसरी हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर चार आठवडे चांगल्या हवेत राहायला सांगायचे. सॅनिटोरियम म्हणजे अशाच लोकांची राहण्याची सोय.

मुंबईत गिरण्या वाढल्या, चाळी भरल्या, धूर वाढला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळायला लागले. चांगली हवा ही आता चैन राहिली नाही, ती गरज झाली.

पर्यटन वाढायला लागणारी पहिली गोष्ट हीच. आधी कुणाला तरी तिथे जावंसं वाटलं पाहिजे. ज्यांना वाटतं त्यांच्या खिशात पैसा हवा, हाताशी वेळ हवा आणि ते राहतात ते शहर फार लांब नको. मुंबई जवळ होती. शहरात पैसा होता आणि त्रासही होता. म्हणजे पाहुणे तयार होते. त्यांना जायला फक्त जागा हवी होती.

पनवेलच्या वाटेवरचा चौक आणि कलेक्टर मॅलेट

ती जागा १८५० मध्ये नकाशावर आली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट मे महिन्यात चौक इथे मुक्कामाला होते. चौक म्हणजे पनवेलहून खोपोलीकडे जाताना लागणारं गाव. मॅलेट संध्याकाळी सहज डोंगर चढून गेले, वरची झाडी आणि थंड हवा पाहून हरखले आणि दुसऱ्या दिवशी गावच्या पाटलाला सोबत घेऊन पुन्हा वर गेले. नोव्हेंबरमध्ये ते परत आले आणि पुढे त्यांनी वर घर बांधलं. १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आले आणि जागेला एकदम वजन आलं. गव्हर्नर जातो तिथे बाकीचे जाणारच.

पुस्तकांमध्ये लिहिलेलं असतं की मॅलेटने माथेरान शोधलं. पण ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरात आधीपासून वावरत होते. त्यांच्यासाठी ते जंगल होतं, गुरांचं रान होतं, औषधाच्या मुळ्यांची जागा होती. मॅलेटने शोधली ती जागा नव्हती. आपल्यासारख्या लोकांना इथे राहता येईल ही शक्यता त्याला दिसली, इतकंच.

आता मॅलेट चौकला का थांबला? कारण मुंबईहून पुण्याला जाण्याचा नेहमीचा मार्ग तोच होता. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे चौक, खोपोली, बोरघाट करत पुणं गाठायचं. पनवेल तेव्हा गजबजलेलं बंदर होतं. माल उतरायचा, बैलगाड्या भरायच्या. बैलगाडीची चाकं बनवण्यासाठी पनवेल ओळखलं जायचं. १८५२ मध्येच पनवेलला नगरपालिका मिळाली, यावरून गावाचं महत्त्व कळतं. म्हणजे माथेरानचं पहिलं दार खरं तर पनवेलच्या बाजूला होतं. माथेरानवर आजही एका टोकाला चौक पॉइंट म्हणतात.

एक रेल्वे आली आणि दार फिरलं

मग जीआयपी रेल्वे आली. १८५३ ला ठाणे, १८५४ ला कल्याण आणि १८५६ मध्ये गाडी नेरळवरून खोपोलीच्या दिशेने धावायला लागली. ही लाईन डोंगराच्या पूर्वेकडून गेली आणि पनवेल पश्चिमेला राहिलं.

होडी, भरती-ओहोटी, बैलगाडी यांची झंझट संपली. मुंबईत गाडीत बसायचं आणि नेरळला उतरायचं. माथेरानला जाणारा माणूस नेरळवरून जायला लागला तो कायमचाच. पनवेलच्या लोकांनी काही चूक केली नव्हती, डोंगरही तिथेच होता. रूळ कुठून गेले यावर सगळं ठरलं.

पण नेरळला उतरल्यावर पुढे काय? घाटरस्ता होता. घोडा घ्यायचा, पालखीत किंवा माणसांनी ओढायच्या रिक्षात बसायचं, नाहीतर चालत जायचं. तब्येत बरी नाही म्हणून माथेरानला निघालेल्या माणसाला हा प्रवासच आजारी पाडायचा. सामान, म्हातारी माणसं, लहान मुलं घेऊन जायचं म्हणजे मोठी मोहीमच.

इथे आदमजी पुन्हा गोष्टीत येतात.

नेरळला अडकलेला पाहुणा

नेरळ-माथेरान भागात एक गोष्ट सांगितली जाते. आदमजी एकदा माथेरानला निघाले, नेरळला उतरले, पण वर जायला कोणतंच वाहन मिळालं नाही. त्यांना हात हलवत परतावं लागलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की आता इथून आगगाडीच वर नेतो. गोष्ट खरी असो की रंगवलेली, ती टिकली याचं कारण सोपं आहे. माथेरानची खरी अडचण ती एका वाक्यात सांगते. वर सगळं होतं, फक्त वर पोचायची सोय नव्हती.

१९०० च्या सुमारास रेल्वेची योजना आकाराला आली. पैसा आदमजींचा आणि प्रत्यक्ष कामाची धुरा त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्याकडे. सल्ला घेतला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा. बार्शी लाईट रेल्वे उभी करणारा तो हाच माणूस. छोट्या गेजच्या रेल्वेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

१९०४ मध्ये काम सुरू झालं. नेरळ समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे. एवढी चढण साधारण २१ किलोमीटरमध्ये पार करायची होती. रुळांमधलं अंतर ठेवलं फक्त दोन फूट, कारण गाडी जितकी अरुंद तितकं तिला तीव्र वळण घेता येतं. काही ठिकाणी २० फूट पुढे गेलं की १ फूट वर, असा चढ आहे. वाटेत दोनशेहून जास्त वळणं आणि एक छोटासा बोगदा. बोगदा इतका लहान की लोकांनी त्याला वन किस टनेल असं नाव ठेवलं.

साध्या इंजिनाला ही वळणं झेपली नसती. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिनं आणली. वळणावर चाकांचे आस थोडे बाजूला सरकतील, अशी त्यांची रचना होती. त्यामुळे इंजिन रुळांवरून न उतरता वळायचं.

एकूण खर्च आला १६ लाख रुपये. १९०७ सालचे १६ लाख. आणि ही रक्कम सरकारच्या तिजोरीतली नव्हती, एका कुटुंबाने लावलेली होती. पावसाळ्यात जो मार्ग बंदच ठेवावा लागणार, ज्याची सगळी कमाई सीझनवर अवलंबून, अशा डोंगरी लाईनमध्ये एवढा पैसा घालणं म्हणजे मोठी जोखीम होती.

२२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १९०५ मध्ये, माथेरानला नगरपालिका मिळाली होती. डोंगरावरच्या वस्तीचं आता गाव झालं होतं.

वाट सोपी झाली, मग काय झालं?

आदमजींच्या रेल्वेने जे केलं ते पर्यटनाच्या कोणत्याही पुस्तकातला पहिला धडा ठरेल. निसर्ग तोच राहिला, पोचण्याचा त्रास कमी झाला आणि येणारा माणूस बदलला. पूर्वी येणारे साहेब लोक, श्रीमंत पारशी, बोहरी आणि गुजराती व्यापारी. त्यांचे वर बंगले होते. रेल्वेने हळूहळू मध्यमवर्गालाही वाट मोकळी केली. बंगल्यांच्या शेजारी लॉज आले, खानावळी आल्या. बाजारपेठेत चिक्की आणि चामड्याच्या चपलांची दुकानं लागली. आता तर गाडीत बसणं हेच लोकांचं माथेरानला येण्याचं कारण झालं. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीतही या रेल्वेचं नाव आहे.

पण नुसती वाट पुरेशी असते का? याचं उत्तर पनवेल तालुक्यातच आहे. माथेरानच्या शेजारी प्रबळगड आहे. तिथेही मोठं पठार, झाडी आणि थंड हवा आहे. इंग्रजांनी प्रबळवरही थंड हवेचं ठिकाण करायचा विचार केला होता, पण पाण्याची टंचाई आडवी आली, असं सांगितलं जातं. माथेरानला झरे होते, पुढे शार्लोट लेक झाला. म्हणजे एकाच डोंगररांगेतल्या दोन माथ्यांचं नशीब पाण्याने वेगळं केलं.

आता सगळं एकत्र जोडून पाहा. बघण्यासारखं काहीतरी, जवळ मोठं शहर, पोचण्याची सोय, पाणी आणि राहण्याची व्यवस्था, लोकांच्या तोंडी झालेलं नाव आणि या सगळ्यात आधी पैसा घालायला तयार असलेला कुणीतरी. माथेरानला हे सगळं जुळून आलं. यातला शेवटचा माणूस म्हणजे आदमजी.

ज्यांच्या खांद्यावर हे पर्यटन उभं राहिलं

आदमजींचं निधन ऑगस्ट १९१३ मध्ये झालं. गाडी सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. आपल्या रेल्वेने या डोंगराचं पुढे काय केलं, हे बघायला ते नव्हते. ते चांगलंही होतं आणि अवघडही.

चांगली बाजू उघड आहे. घोडेवाले, हमाल, लॉजवाले, दुकानदार, गाईड, सगळ्यांची चूल पर्यटकांवर पेटते. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती, आणि इथे पोट भरण्याचा दुसरा मोठा धंदा नाही. खालच्या वाड्यांमधून ठाकूर, कातकरी बायका-पुरुष रोज वर कामाला जातात. नेरळच्या टॅक्सीवाल्यांचाही धंदा यावरच चालतो.

पण एकाच धंद्यावर गाव उभं राहिलं की तो धंदा थांबला की गावही थांबतं. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. २०१६ मध्ये डबे घसरले, सेवा पुन्हा थांबली आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसाने परत मार खाल्ला, तेव्हा नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ लागला. मधल्या काळात लॉकडाऊन आलं, तेव्हा तर डोंगरावर पर्यटकच नव्हते.

दुसरा प्रश्न माणसांचा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे चाला, शटल ट्रेन पकडा किंवा घोडा घ्या. या बंदीमुळे माथेरानची हवा टिकली, हे खरं. पण मोटार नाही म्हणून माणसाने माणसाला ओढायचं, ही हातरिक्षाही टिकली. आदमजींच्या आधीपासूनची ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. लाल मातीच्या चढावर दोन-तीन माणसं एका पर्यटकाला ओढून नेतायत, हे चित्र अनेकांनी बघितलं असेल. ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षा द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अमानवी पद्धत सहा महिन्यांत बंद करा आणि या लोकांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला.

यात घोडेवाल्यांची बाजूही आहे. ई-रिक्षा वाढल्या तर घोड्यावर कोण बसणार, ही त्यांची भीती खोटी नाही. पर्यटनात एकाची सोय झाली की दुसऱ्याचा धंदा बसतो. १९०७ मध्ये आगगाडी आली, तेव्हा पालखी वाहणाऱ्यांसमोरही हाच प्रश्न उभा राहिला असणार.

तिसरा प्रश्न डोंगराचा. माणसं वाढली की पाणी जास्त लागतं आणि कचराही जास्त होतो. शार्लोट लेकचं पाणी पुरत नाही म्हणून खालून नेरळच्या बाजूने पंपाने पाणी चढवावं लागतं. रस्त्याची माती पावसात धुऊन जाते. पेव्हर ब्लॉक बसवायचे की मातीचे रस्ते ठेवायचे, यावरही कोर्टकचेऱ्या झाल्या. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा भाग इको सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला. म्हणजे इथे बांधकाम, खाणकाम, उद्योग यांवर कडक बंधनं आली.

यात पनवेलचा काय संबंध? संबंध थेट नळाचा आहे. माथेरानच्या पश्चिम उतारावरचं पाणी गाढी नदीत येतं. गाढीवर देहरंगचं धरण आहे आणि त्याचं पाणी पनवेल शहराला मिळतं. वरची झाडी तुटली, उतारांची माती सुटली, तर ती शेवटी पनवेलच्या धरणात गाळ होऊन साचणार. माथेरानच्या पर्यटनाचा पैसा नेरळच्या बाजूने वाहतो, पण डोंगराचं पाणी पनवेलच्या बाजूनेही वाहतं.

आता दार पुन्हा पनवेलकडे फिरणार?

ही गोष्ट आज सांगण्याचं कारण आहे. १८५६ मध्ये जे पनवेलच्या हातून गेलं, ते परत येण्याची चिन्हं दिसतायत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तो पनवेल तालुक्यात आहे. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग उभा राहतोय. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे तर कळंबोलीपासूनच सुरू होतो. धोदाणीहून माथेरानला रोपवे, डोंगरी रेल्वे किंवा रस्ता न्यायच्या कल्पना अधूनमधून चर्चेत येतच असतात. नेरे, मालडुंगे, वाजे भागात फार्महाऊस आणि रिसॉर्ट आधीच पोचलेत.

आणि एक ठिकाण तर रेल्वेशिवायच गाजलं. प्रबळगडाच्या शेजारचा कलावंतीण सुळका. कातळात कोरलेल्या त्याच्या पायऱ्यांचे व्हिडिओ व्हायरल झाले आणि जिथे पूर्वी मोजके ट्रेकर जायचे तिथे शनिवार-रविवारी रांगा लागायला लागल्या. आदमजींना १६ लाख रुपये आणि तीन वर्षं लागली, तेच काम इथे मोबाईलने फुकटात केलं. प्रबळमाचीच्या लोकांनी घरातच जेवणाची आणि तंबूत राहण्याची सोय सुरू केली, त्यातून त्यांच्या हातात पैसा आला. पण त्या अरुंद पायऱ्या एका वेळी किती लोकांचं वजन पेलतील, याचा विचार व्हिडिओ करत नाही. पावसाळ्यात प्रशासनाला धबधबे आणि किल्ल्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात, ते याचमुळे.

माथेरानकडे बघून पनवेलने यातून काय घ्यावं?

वाट आली की माणसं येतात, हे आदमजींनी सिद्ध केलं. पण ती वाट कुठून जाते, तिच्या तोंडाशी दुकान कुणाचं असतं, ओझं कुणाच्या डोक्यावर येतं आणि पाणी कुणाचं आटतं, हे वाट बांधण्याआधी ठरवावं लागतं. माथेरानमध्ये हातरिक्षा थांबवा म्हणायला शतकाहून जास्त काळ गेला. धोदाणीच्या वाटेचा निर्णय कधीतरी होईल, तेव्हा त्या टेबलावर धोदाणीचा ठाकूर आणि देहरंगचं पाणी पिणारा पनवेलकर दोघंही असायला हवेत. नाहीतर दार पनवेलकडे फिरेल, पण दारातून आत जाणारे आणि कमावणारे दुसरेच असतील.

एक गोष्ट मात्र आदमजींच्या बाजूने नोंदवायला हवी. त्यांनी डोंगर फोडून रुंद रस्ता केला नाही. डोंगराच्या कलाने वळणं घेत जाणारे, दोन फुटांचे रूळ टाकले. ताशी वीस किलोमीटरच्याही आत चालणारी ती छोटी गाडी आज शंभर वर्षांनंतरही पाऊस संपला की पुन्हा नेरळहून निघते. वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात थांबली आणि डिझेलची आली. त्यातलं एक जुनं इंजिन नेरळला जपून ठेवलंय. पुढच्या वेळी माथेरानला गेलात आणि हे इंजिन दिसलं, तर दोन मिनिटं थांबा. काडेपेट्या विकणाऱ्या पोराने उभ्या केलेल्या रेल्वेचं ते इंजिन आहे.

आणि खाली उतरताना वेळ असेल तर सनसेट पॉइंटवरून पश्चिमेला बघा. खाली धोदाणी आहे, त्यापलीकडे गाढीचं खोरं आणि लांबवर पनवेल. तिथे पुढे काय होणार, हे अजून ठरायचं आहे.